मदत हवी आहे: कुंडीतल्या तिवराची कोवळी पानं पिवळी

लातुरात, कॉलेजच्या शेडनेटमध्ये तिवर (अ‍ॅव्हिसेनिया मरिना, खाडीकाठची खारफुटी) वाढवतोय. पानांवर साचणारं मीठ अन् चिखलातून वर येणारी श्वसनमुळं इथल्या पोरांनी हात लावून बघावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

बिनभोकाची बादली, काळी माती नि वाळू निम्मी-निम्मी, वर दोन बोटं पाणी. पाणी बोअरचं, जड. खडेमीठ लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. उडालेल्या पाण्याची भर बिनमिठाची, नाहीतर खार चढत जातो.

जुनी पानं हिरवीगार, मिठाचे कण चमकतात. कोवळी मात्र पिवळी, फक्त शिरा हिरव्या. मुळं शाबूत, कीड नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ) फवारलं तर थेंब पडले तिथंच हिरवे ठिपके आले. पुढचं पान पुन्हा पिवळं. म्हणजे लोहच कमी. मातीत चुनखडी, सामू (पीएच) 8च्या वर. ईडीटीएतलं (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) लोह त्यात टिकत नाही, म्हणून त्याच जातीचं पण अशा मातीत टिकणारं ईडीडीएचए-लोह द्यायचा विचार आहे. जड पाणी बदलावं तर पावसाचं पाणी जूनपर्यंत नाही, आरओचं परवडत नाही.

साचलेल्या खाऱ्या पाण्यात ईडीडीएचए कुणी दिलंय का? दहा लिटरच्या बादलीला किती ग्रॅम, आणि पाण्यात विरघळवून द्यायचं की मुळाशी चिखलात?