पायथनच्या यादीवर += वापरावं की नाही?

तुकोगंजकर (इंदूर): माझं मत स्पष्ट आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत यादी (लिस्ट) असेल तर +=, म्हणजे उजवीकडचं डावीकडच्या नावात जोडणारं चिन्ह, नको. आमच्या सराफ्याचंच उदाहरण घ्या, दिवसा सोन्या-चांदीचा बाजार, रात्री खाऊगल्ली:

दिवसा = ['सोनं', 'चांदी']
रात्री = दिवसा
रात्री += ['गराडू', 'भुट्ट्याचा कीस']

आता दिवसा छापून बघा. भरदुपारी सोन्याच्या पेढीवर गराडू! यादी एकच, नावं दोन, आणि += तीच यादी जागेवर वाढवतं. रात्री = रात्री + [...] लिहिलं असतं तर नवी यादी बनली असती.

पलासियाकर: अहो, चूक दुसऱ्या ओळीत आहे. तिथे रात्री = दिवसा[:] हवं, म्हणजे यादीची वेगळी प्रत बनते. तुमचा सल्ला लूपमध्ये चालवा. दहा-दहा नोंदींच्या १,००० याद्या जोडायच्या तर + दर फेरीला आधीचं सगळं पुन्हा उतरवून काढतं, एकूण ५० लाखांच्या आसपास नोंदी. += नव्या १०,००० टाकतं, वर अधूनमधून जागा वाढवण्याचा खर्च. नमपायमध्ये, म्हणजे पायथनच्या संख्यांच्या लायब्ररीत, अ या अ‍ॅरेत (संख्यांच्या रांगेत) १ कोटी संख्या, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ८० एमबी; अ = अ + १ करताना नवा अ‍ॅरे बनतो म्हणून काही क्षण १६० एमबी लागतात, अ += १ ला तसं लागत नाही.

तुकोगंजकर: मेमरीचं मान्य. पण यादी += 'पोहे' करून बघा. तक्रार नाही, काही नाही; यादीत 'प', 'ो', 'ह', 'े' असे चार तुकडे पडतात, मात्रासुद्धा सुट्या! + लिहिलं की तिथल्या तिथे टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याची चूक. टपलमधल्या (टपल म्हणजे बनल्यावर न बदलता येणारा संच) यादीवर तर कहर: ट = ([१],) घेऊन ट[०] += [२] केलं की एरर येते, आणि आतली यादी तरीही [१, २] झालेली असते.

लोकमान्यनगरवाले: संख्या आणि स्ट्रिंग जागेवर बदलतच नाहीत, तिथे हा वाद नाही. नमपायच्या पूर्णांक अ‍ॅरेवर मात्र += ०.५ एरर देतं, साधं + दशांशांचा नवा अ‍ॅरे देतं. म्हणजे इथे कडक += च आहे. जावा या दुसऱ्या भाषेत उलटं. बाइट प्रकारच्या (−१२८ ते १२७ एवढ्याच संख्या मावणाऱ्या) ब साठी ब = ब + १ कंपायलर अडवतो; ब += १ गुपचूप कास्ट करतं, म्हणजे उत्तर बाइटमध्ये कोंबतं, आणि १२७ चे −१२८ होतात.

पलासियाकर: यादीत एक नोंद घालायला अपेंड ही सोय आहे, 'पोहे' अख्खे राहतात. बाकी, फंक्शनला बाहेरून आलेल्या यादीला += लावू नये, आत बनवलेल्या यादीला खुशाल लावावं.

तुकोगंजकर: आणि ती आत बनली की बाहेरून आली, हे बघायला कोडचा रिव्ह्यू करणाऱ्याने दर वेळी ४० ओळी वर जायचं?