अमेरिकेतलं मेन राज्य: कॉलिन्सबाईंना सिनेटमध्ये सहावी टर्म द्यावी का?

पोर्टलंडकर: रिपब्लिकन पक्षाच्या सुझन कॉलिन्स यंदा, म्हणजे २०२६ ला, सहाव्यांदा सिनेटसाठी उभ्या आहेत. १९९६ ला पहिल्यांदा मतं मागताना त्यांनी शब्द दिला होता, दोनच टर्म, बारा वर्षं. आता तीस होत आली. माझ्या मते आता पुरे. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती करायला मत देताना त्या म्हणाल्या, गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल ते मोडणार नाहीत. २०२२ मध्ये तो मोडणाऱ्यांत कॅव्हनॉ होतेच. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. बातमी बघून तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाला मत दिलं होतं?" मी कॉलिन्सबाईंनाच दिलं होतं.

केनेबेककाठ: मुलीचा प्रश्न रास्त आहे, पण माझ्या गावातून बघा. मी बाथला राहतो. दुपारी गोदीची पाळी सुटली की पुलावर गाड्यांची ही रांग लागते. नौदलाच्या विनाशिका इथे बांधतात, त्यावर हजारो घरं चालतात. आणि सरकारी पैसा कुठे जायचा ते सिनेटची जी समिती ठरवते, तिच्या अध्यक्षा २०२५ पासून कॉलिन्सबाई आहेत. चौदा लाख वस्तीच्या राज्याला हे असं कधी मिळणार? नवा माणूस कितीही हुशार असो, तो ज्येष्ठतेच्या रांगेच्या टोकालाच उभा राहणार.

अंजिरी: रांगेचं एवढं खरं मानू नका. याच मेनचे जॉर्ज मिचेल १९८० ला सिनेटमध्ये आले आणि १९८९ ला तिथल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. नऊ वर्षांत! आणि मार्गारेट चेस स्मिथ? चार टर्म झालेल्या, देशभर मान असलेल्या. १९७२ ला पाचव्यांदा उभ्या राहिल्या आणि हरल्या. राज्य बुडालं नाही.

केनेबेककाठ: २०२० लाही बाई हरणार, हेच ऐकलं होतं. मतदारांच्या चाचण्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सारा गिडियन पुढे होत्या, कॉलिन्सबाई ५१ टक्के घेऊन आल्या. त्याच दिवशी याच राज्यानं अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट बायडेनना नऊ टक्क्यांनी पुढे ठेवलं. म्हणजे लोकांनी पक्ष बाजूला ठेवून बाई निवडली, डोळे मिटून शिक्का मारला नाही. आणि आमच्याकडे बहुतेक घरं तेलावर तापतात. जानेवारीत टाकी रिकामी झाली आणि खिशात पैसे नसले तर काय होतं ते मी शेजारच्या आजींकडे बघितलंय, स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं ठेवून बसल्या होत्या. त्या तेलासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा निधी टिकावा म्हणून कॉलिन्सबाई वर्षानुवर्षं भांडल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, कात्री लावणाऱ्या विधेयकाला स्वपक्षाचं असूनही नाही म्हणाल्या.

अंजिरी: नाही म्हणाल्या १ जुलैला. २८ जूनला तेच विधेयक चर्चेला घ्या म्हणून हो कोणी म्हटलं? दार उघडून द्यायचं आणि चोर आत शिरल्यावर ओरडायचं. हे मला पटत नाही.

पोर्टलंडकर: आजींचं वाचून गलबललं. तो निधी टिकलाच पाहिजे, जो कोणी येईल त्याच्याकडून मी तो मागेन. पण शब्द बारा वर्षांचा होता, दादा. मुलगी या नोव्हेंबरात पहिल्यांदा मत देणार आहे, या वेळी ती विचारेल तेव्हा मला खाली बघायचं नाही.

केनेबेककाठ: तुमचं मत तुम्ही द्या. माझं कॉलिन्सबाईंनाच.