बालीतल्या तुलांबेनचं बुडालेलं जहाज नुसत्या स्नॉर्कलिंगनं दिसतं का?

पंचगंगेत पोहायला शिकले, पण समुद्रात कधी उतरले नाही. आता बालीला निघालोय. डायव्हिंग येत नाही. मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्याच्या वरूनच तिथलं 'लिबर्टी' जहाज दिसेल का?

– ताई, दिसतंय की! १९४२ मध्ये जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. ओढून नेताना पाणी भरायला लागलं म्हणून किनाऱ्याला लावलं. १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला आणि जहाज परत पाण्यात सरकलं. म्हणून तर ते इतकं काठाजवळ आहे. वरचा भाग पाचेक मीटर खोलीवर, तळ तीसच्या आसपास. लोखंडावर पोवळी वाढल्यात, त्यांना हात अजिबात लावू नका, जिवंत असतात ती. सकाळी लवकर उतरा, नंतर गर्दी होते. काठावर काळे गोटे आहेत, लाटेसरशी पायाखालून सरकतात. रबरी बूट हवेतच.

– आधी मालवणला सराव करा, हिवाळ्यात. नळीतून तोंडानं श्वास घ्यायची सवय नदीत लागत नाही. लाईफ जॅकेट घालाच.

– खूप आभार दादा! मला चष्मा आहे, मास्कचं काय?

– नंबरचा मास्क मिळतो. इथूनच घेऊन जा.