घरचं युकुलेले रेकॉर्डिंग: एका दमात की कापून-जोडून?

फोंडेकर
माझं मत सरळ आहे. घरी एकट्याने युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) वाजवून रेकॉर्ड करत असाल तर तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जोडकाम नको.

हे सोवळं नाही, व्यवहार आहे. जूनपासून आपल्या गोव्यातली हवा इतकी दमट असते की लाकूड फुगतं, तारा हलतात, मघाच्या टेकचा, म्हणजे एका खेपेच्या रेकॉर्डिंगचा, सूर आत्ताच्या टेकशी जुळत नाही. वर कौलांवरचा पाऊस. तो कधी दाटतो, कधी ओसरतो. दोन टेक मधोमध जोडले की मागचा पाऊस पटकन बदलतो आणि ते कुणाच्याही कानाला खटकतं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) न लावता वाजवलं तर लयही दर खेपेला जराशी वेगळी पडते, ते निराळंच.

आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठवा. 78 आरपीएमच्या तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, मध्ये कापायची सोय नाही. त्यांची तशीच गायलेली भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली.

म्हापशेकर
केसरबाईंचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. चुंबकीय फीत आल्यावर कापून जोडणं सुरू झालं आणि मोठमोठ्या वादकांनी ते आपलंसं केलं. पियानोवादक ग्लेन गूल्डने तर 1964 मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओतच रमला. वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडण्याचं तो उघड समर्थन करायचा.

सुराचं म्हणाल तर दर टेकआधी सूर तपासणारा क्लिपवाला ट्यूनर लावा, मिनिटाचं काम. शिवाय युकुलेलेचा स्वर झटकन विरतो. दोन कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) मधल्या जागेत काप घेतला तर शोधूनही सापडत नाही. ऐकणाऱ्याला तुमची तपश्चर्या नको, चांगलं वाजलेलं हवं.

सांजवेळ
तुमचं काय ते चालू द्या. आमच्याकडे मडगावात प्रत्येक चांगल्या टेकमध्ये पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या भोंग्याचा, पोंव-पोंव असतोच. एका दमाची अट पाळायची तर पावच बंद करावे लागतील.

फोंडेकर
@म्हापशेकर, स्वर झटकन विरतो हे नुसत्या स्ट्रमिंगपुरतं (सगळ्या तारा एकत्र छेडण्यापुरतं) खरं. नेहमीच्या जी-सी-ई-ए जुळवणीत चौथ्या तारेचा स्वर तिसरीपेक्षा उंच असतो. त्यामुळे कॅम्पानेला पद्धतीने वाजवता येतं, म्हणजे चालीचा प्रत्येक स्वर वेगळ्या तारेवर, आधीचा वाजत असतानाच पुढचा. तिथे काप कुठे घेणार? आधीच्या स्वराची शेपूट तुटते आणि नव्या टेकमध्ये ती नसतेच.

आणि गूल्डच्या स्टुडिओत पाऊस गळत नव्हता.

दुसरी गोष्ट, कापायची सोय आहे हे डोक्यात असलं की हात सैल पडतो. अवघड जागा आली की मन म्हणतं, राहू दे, नंतर बघू.

डिचोलीकार
मुलांना शिकवतो म्हणून सांगतो. एका दमाची अट घातली की मुलं अवघड जागा टाळून सोपा तुकडा निवडतात, नाहीतर लय खाली आणतात. रेकॉर्डिंग साफ येतं, वाजवणं भित्रं होतं. फोंडेकरबाब, हात सैल पडतो म्हणता, पण एका दमाच्या धास्तीने तो आखडतोही. माझा नियम असा: आधी बिनधास्त कापा-जोडा, स्वतःचं ऐका, नेमकं कुठे अडतं ते समजून घ्या. एका दमाचं त्यानंतर. आणि पंखा बंद करून दाराला गोधडी टांगा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

म्हापशेकर
कॅम्पानेलाचं मान्य. पण त्यातही ओळ संपते तिथे सगळ्या तारा थांबतातच, तिथे कापा. फक्त एक विनंती, रेकॉर्डिंगखाली 'एकाच टेकमध्ये, कुठेही न कापता' असं लिहू नका. त्याने वाजवणं सुधारत नाही, ऐकणारा तेवढा चुका मोजत बसतो.

फोंडेकर
लिहिणार. मोजू देत.