रोझचा गुडघा आणि आपल्या पोराचा गुडघा: एसीएलनंतर कोर्टवर कधी सोडायचं?

हलगी_हाफकोर्ट

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला पॉइंट गार्ड (चेंडू पुढं आणून खेळ चालवणारा), वय २०, वजन ७० किलो. डाव्या गुडघ्याचं एसीएल (सांधा आतून धरणारं लिगामेंट) हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची, शीर घेऊन नवीन बसवलंय, शिवाय आतल्या बाजूच्या मेनिस्कसला (दोन हाडांमधल्या गादीला) टाके आहेत. आज साडेपाच महिने झाले. शिवाजी विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा तोंडावर आल्यात. पोरगा सरळ पळतो, दुखत नाही म्हणतो.

त्याचा मुद्दा असा: एनबीएतला इमान शम्पर्ट एसीएलनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळला. शिकागो बुल्सचा डेरिक रोझ दीड वर्ष बसला, तरी त्याचा दुसरा गुडघा गेलाच. मग थांबून मिळालं काय?

दुसरं, २०१३ मध्ये मेनिस्कसपायी रोझचा अख्खा सीझन गेला आणि २०१५ मध्ये त्याच गुडघ्याच्या मेनिस्कसला सहा आठवडे पुरले, हे कसं? फिजिओ आठवड्यातून एकदाच बघतात. बाकीचे दिवस आमच्याच हातात, तेव्हा मैदानावर टेप लावून मोजता येईल असं सांगा.

बॉक्स_आऊट

आधी तारखा नीट लावू. २८ एप्रिल २०१२, सिक्सर्सविरुद्ध प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेरीचा) पहिला सामना. बुल्स १२ गुणांनी पुढे, १ मिनिट २२ सेकंद बाकी, आणि रोझचं डावं एसीएल तुटलं. त्या सीझनला तो ६६ पैकी ३९च सामने खेळला होता. पायाचा अंगठा, पाठ, जांघ, घोटा, एकामागून एक चालूच होतं. म्हणजे गुडघा तुटण्याआधीच सलग खेळाची सवय मोडलेली होती. क्लिप बघणाऱ्यांना शेवटची उडी दिसते, आधीचे चार महिने दिसत नाहीत.

शम्पर्टचंही एसीएल त्याच दिवशी गेलं, सोबत मेनिस्कसही. तो १७ जानेवारी २०१३ ला लंडनमधल्या सामन्यात परतला. म्हणजे साडेआठ महिने, आणि दिमतीला रोजचे फिजिओ. तुमचा पोरगा साडेपाचवर आहे. शम्पर्टचं उदाहरण त्याच्याच विरोधात जातं, सांगा त्याला.

रोझ २०१२-१३ पूर्ण बसला. नंतर फक्त १० सामने खेळला आणि २२ नोव्हेंबर २०१३ ला पोर्टलंडमध्ये, कुणाचा धक्का नसताना, दिशा बदलताना उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. डॉक्टरांनी तो शिवला, सीझन संपला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तोच पुन्हा फाटला. या वेळी शिवला नाही, फाटका तुकडा काढून टाकला. ८ एप्रिलला गडी परत कोर्टवर.

दोन्ही वेळा इजेचं नाव एकच, पण ऑपरेशन वेगळं. शिवलेली गादी जुळून यावी लागते, त्यासाठी महिने जातात. कापून काढली तर जुळायचं काही उरतच नाही, सूज उतरली की पाय चालतो. पण तेवढी गादी कायमची कमी झाली, पुढं हाडावरच्या कूर्चेवर जास्त भार येतो. लवकर परतण्याची किंमत गुडघा नंतर चुकवतो. तुमच्या पोराला टाके आहेत, त्यामुळं त्याला २०१३ चं वेळापत्रक लागू, २०१५ चं नाही.

वाटी_आणि_गादी

वरचं बरोबर. "दुखत नाही" यावर विसंबू नका. बसवलेल्या शिरेचा रक्तपुरवठा सुरुवातीला तुटलेला असतो. नवीन रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत ती मूळ ताकदीपेक्षा कमजोर होते, आणि नेमका त्याच काळात गुडघा मोकळा वाटायला लागतो. तिचं लिगामेंटसारखं रूप व्हायला वर्ष किंवा जास्त लागतं. २०१६ च्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात परतणं नऊ महिन्यांपर्यंत लांबवलं तेव्हा दर महिन्यामागं पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलेलं दिसलं. झोनल सोडा.

आता मोजमाप, या क्रमानं.

सूज: पाय सरळ ठेवून वाटीच्या आतल्या बाजूनं हात खालून वर दोन-तीनदा फिरवा, मग बाहेरच्या बाजूनं वरून खाली. आतल्या खळगीत पाणी परत फुगून आलं तर गुडघा अजून चिडलेला आहे. ही तपासणी सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करायची. फुगवटा वाढला असेल तर त्या दिवशी उड्या बंद.

सरळपणा: पालथं झोपवा, गुडघ्यापासून पुढचे पाय बाकाबाहेर. दोन्ही टाचा एका उंचीवर हव्यात. ऑपरेशनची टाच वर राहिली तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही, आणि तसा गुडघा मांडीचा पुढचा स्नायू पूर्ण आवळू देत नाही.

ताकद: ४५ सेंटिमीटरच्या बाकावरून एका पायावर उठबस, हात छातीवर. प्रत्येक पायावर वीस-बावीस तरी निघाल्या पाहिजेत. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनवर एकेका पायाचं दहा वेळचं वजन लिहून ठेवा, पण ९० ते ६० अंशांच्या टप्प्यातच आणि फिजिओला विचारून.

लंगडी: एक उडी, सलग तीन उड्या, आणि रेघेवरून तिरक्या तीन उड्या. प्रत्येकी तीन प्रयत्न, उतरून दोन सेकंद स्थिर, नाहीतर प्रयत्न बाद. चांगला पाय १५० सेंटिमीटर गेला तर ऑपरेशनचा किमान १३५. इथं एक फसगत होते. सहा महिन्यांत चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळं दोन्ही पाय सारखेच कच्चे निघाले तरी ९० टक्के भरतात. इजेआधीची उडी लिहिलेली असेल तर तिच्याशी ताडा.

अंतर भरलं तरी समोरून मोबाईलवर शूट करा. ३० सेंटिमीटर उंचीवरून उतरताना गुडघा आत पडत असेल किंवा धड चांगल्या पायाकडं झुकत असेल तर तो नापास. मांडी धक्का घेत नाही, म्हणून शरीर तो दुसरीकडं ढकलतं. दुसऱ्या पायाचा गुडघा जाण्याचं एक कारण हेच.

हलगी_हाफकोर्ट

टाच तपासली, बोटभर वर राहते. आणि एक विचारायचं राहिलं: त्याचे आजोबा तालमीतले, ताकदीसाठी रोज शंभर बैठका मारायला लावलेत. चालतंय का?

वाटी_आणि_गादी

बैठका आजच थांबवा. आजोबांचा मान राखून सांगा, पण सांगा. पूर्ण खाली बसलं की मेनिस्कसचा मागचा भाग दोन हाडांच्या मधे दाबला जातो आणि टाके बहुतेक वेळा तिथंच असतात. त्यात बैठकीत टाचा उचलून झोका घेतात, म्हणजे भार आणखी पुढं. खोल वाकून वजन घेणं टाके घातल्यावर चार ते सहा महिने टाळतात, त्यानंतरही सर्जननं मोकळीक दिल्यावरच. तोवर ९० अंशांपर्यंतच्या, टाच जमिनीवर टेकवलेल्या, हातात डंबेल घेऊन ८-८ च्या चार फेऱ्या. शंभर हलक्या बैठकांनी दम वाढतो, हरवलेली ताकद जड वजनानं येते. मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास याबद्दलही सर्जनला विचाराच, हे कुणी आपणहून सांगत नाही.

बोटभर टाच वर म्हणजे लंगडी टेस्ट अजून करूच नका. टाचेखाली उशी देऊन गुडघा अधांतरी ठेवायचा, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर सर्जनला दाखवा. सांध्यात पुढं वण साचून शीर अडत असेल तर नुसत्या ताणानं भागत नाही.

पायव्होट_फूट

कोर्टबद्दल थोडं. आपल्याकडं बरेच कोर्ट सिमेंटचे, उड्यांची सुरुवात तिथं नको. रबरी मॅट किंवा गवत बघा. आखाड्याची माती मऊ असते, पण पाय रुतून फिरतो, ती नको. पहिल्या दोन आठवड्यांत एका वेळी ६० उतरण्या, मधे ४८ तास. नंतर आठवड्याला दहा-वीस वाढवायच्या.

पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरतं. वरून कोरडं दिसलं तरी कडेला निसरडं असतं. जून ते सप्टेंबर दिशा बदलायचे ड्रिल हॉलमध्येच, हॉल नाही मिळाला तर त्या दिवशी नुसतं शूटिंग. जेवणात दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन बसवा. तांबड्या रश्श्यात ते शोधू नका, फोडीत असतं.

क्रम मात्र उलटा करू नका, असाच ठेवा: आधी ठरलेलं ड्रिल, मग बचाव करणारा समोर उभा, मग तीन-तीन जणांचा खेळ, मग संघाचा सराव. पाच-पाचचा पूर्ण सराव चार आठवडे बिनसुजेचा गेल्यावर सामन्यात पहिल्यांदा १० मिनिटं.

हलगी_हाफकोर्ट

झोनलच्या यादीतून नाव काढलं. पोरगा रुसलाय. रोझचं ३१ ऑक्टोबर २०१८ चं दाखवलं, युटाविरुद्ध ५० गुण, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यावर. म्हणाला, "मग सहा वर्षं थांबू का?" उशी मात्र टाचेखाली घेतलीय.