रोज बाळ काट्यावर ठेवणाऱ्यांनो, पुरे करा!

जुनाजाणता: मूल महिन्याचं नाही तर तक्ते, आलेख, मोबाईलवर अ‍ॅप! आम्हा चार भावंडांना कोणी तोललं नव्हतं, तरी वाढलोच. त्यात हा वजन-लांबीच्या वाढीचा तक्ता गोऱ्यांच्या पोरांचा. आपल्या हाडापेराला तो कसा लागू पडणार?

सायली_ठाणे: काका, दर वेळी तेच! जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा तक्ता ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली इथल्या बाळांवरून केलाय. बऱ्या परिस्थितीतली, आईच्या दुधावरची पोरं. सगळीकडे लांबी जवळपास सारखीच भरली. गोऱ्यांचा होता तो आधीचा, १९७७ चा अमेरिकी तक्ता. त्यातली बरीचशी बाळं वरच्या दुधाची. त्याच्याशी ताडलं की अंगावर पिणारं बाळ चार महिन्यांनंतर उगाच मागे पडलेलं दिसायचं आणि घरात पावडरचा डबा यायचा. राहिली तुमची चार भावंडं. जी वाढली नाहीत, ती इथे लिहायला येत नाहीत.

जुनाजाणता: शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं.

मोगरा: सायली बरोबर, पण काकाही अगदीच चूक नाहीत. माझ्या जावेने काटा मागवलाय. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, शी झाली की वजन. चाळीस ग्रॅम कमी दिसले की 'माझं दूध आटलं' म्हणून रडारड! अगं, पहिल्या आठवड्यात बाळ उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून काढतं. पुढे पहिले तीनेक महिने दिवसाला २५-३० ग्रॅम, तेही सरासरीने. महिन्याने एकाच काट्यावर, उघड्या अंगाने मोजावं. तक्त्यावरची रेष वर जातेय की आडवी झालीय, एवढंच बघायचं.

सेविका_मराठवाडा: घरात काटा आहे म्हणून हे चोचले. आमच्या अंगणवाडीत झोळीचा काटा. पोर आत घातलं की हंबरडा फोडतं, पाय झाडतं, काटा चार आणि पाचच्या मधे नाचतो, आई म्हणते 'ताई, काढा लवकर'. लांबी घ्यायला दोघी लागतात, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबायचे. मदतनीस नाही. मग आकडे भरायला पोषण ट्रॅकर हे सरकारी अ‍ॅप उघडायचं, तर रेंज नाही.

कर_भरणारा: म्हणून आकडे घरी बसून भरता का? माझ्या पुतणीचं वजन तीन महिने तेच दाखवतंय.

सेविका_मराठवाडा: भरत असतील काही जणी. महिनाअखेर शंभर टक्के मोजणी दाखवा म्हणून वरून तगादा असतो, तो कोणाला दिसत नाही. डिसेंबर २०२३ ला संपावर बसलो तेव्हा आम्हालाच 'पोरांची काळजी नाही' म्हणून ऐकवलंत ना, दादा?

कर_भरणारा: मी नाही ऐकवलं. आणि संपाचा पुतणीच्या वजनाशी काय संबंध?

मोगरा: तीन महिने तेच वजन आणि तुम्ही इथे भांडताय? आधी डॉक्टरकडे न्या तिला!

जुनाजाणता: सुनेकडून नातवंडाच्या वाढीचं कार्ड मागून घेतलं. रेष वर चाललीय. ठीक आहे, कागद अगदीच वाया नाही. घरातला काटा मात्र माळ्यावर टाकतोय.

सायली_ठाणे: टाका. डोक्याचा घेर मोजलाय का, तेवढं विचारा.

जुनाजाणता: आता टेपही आणू?