मामाचं जुनं कंट्रोल लाईन विमान सापडलंय, उडवू की तसंच ठेवू?

माळ्यावरचा_पायलट

नमस्कार मंडळी. माळा आवरताना मामाचं कंट्रोल लाईन विमान हाती लागलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, रिमोट वगैरे काही नाही, पायलट मधोमध उभा, हातात हँडल, हँडलपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरत राहतं. एक तार ओढली की वर, दुसरी ओढली की खाली, बस. बाल्साच्या हलक्या लाकडाचं आहे, वरून टिश्यू कागद आणि डोप (कागद ताणून घट्ट करणारं वॉर्निश), नाकावर कॉक्स कंपनीचं ०४९ हे छोटं इंधनावरचं इंजिन. एका पंखावरचा टिश्यू टरकलाय, बोट लावलं तरी पापुद्रा सुटतो, आणि प्रोपेलर जागचा हलत नाही.

लहानपणी माझं काम एकच, विमान धरून बसायचं आणि मामाने मान हलवली की सोडायचं. इंजिन चालू असताना फ्युएलमधल्या एरंडेलाचे बारीक शिंतोडे तोंडावर यायचे, शर्टाचा वास धुतल्यावरही जायचा नाही आणि मला तो आवडायचा. हँडल फार कमी वेळा मिळालं, मिळालं की चक्कर येऊन विमानाच्या आधी मीच खाली.

आता विचारायचंय असं की इंजिन सुटेल का, विमान परत उडवण्यालायक होईल का, की सरळ मोटर-बॅटरी बसवून मोकळं व्हावं? मुलीकडे ड्रोन आहे, ती विचारते बाबा तुमची विमानं पळून जायची म्हणून बांधून ठेवायचात का.

एरंडेल_गँग

मुलीला शंभर मार्क 😄

इंजिन बहुतेक खराब झालेलं नाही, फक्त चिकटलंय. एरंडेल वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याचं वॉर्निश होतं आणि पिस्टन आत धरून बसतो. हेअर ड्रायरने चांगलं गरम करा, एक्झॉस्टच्या खिडकीतून मिथेनॉल किंवा ताज्या फ्युएलचे थेंब सोडा (मिथेनॉल विषारी आणि पटकन पेटणारं, तेव्हा ड्रायर आधी बंद करून लांब ठेवा आणि इंजिन गार होऊ द्या मग थेंब), थोडं थांबा, प्रोपेलर हाताने हळू हलवून बघा, नाही हललं तर परत तेच. पकड लावून सिलिंडर पिळायचा नाही म्हणजे नाही, फिन्स (गार करणाऱ्या चकत्या) वाकतात आणि मग रडायची वेळ येते. आणि मागचं झाकण प्लास्टिकचं असलं तर ॲसिटोन, थिनर जवळ आणू नका.

सुटलं की मागची रीड व्हॉल्व्हची (फ्युएल-हवा आत घेणारी झडप) पातळ पत्री साफ करा, तिच्यावर कचऱ्याचा कण बसला तरी इंजिन नुसतं फुरफुरतं आणि मरतं. ग्लो हेडला (तापलेल्या तारेने फ्युएल पेटवणारं डोकं, म्हणजेच प्लग) दीड व्होल्ट, त्याच्या वर जायचं नाही, तार जळते. फ्युएल मात्र बघून घ्या, मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि त्यात एरंडेल भरपूर हवं. आरसी (रिमोटवरच्या) गाड्यांचं फ्युएल मिळतं त्यात तेल कमी आणि बरंचसं सिंथेटिक असतं, ते या ०४९ ला मानवत नाही, कनेक्टिंग रॉडचा वरचा गोळीचा सांधा झिजतो.

०.०४९ क्युबिक इंच म्हणजे जेमतेम ०.८ सीसी, पण आवाज ऐकून शेजारचे गॅलरीत येतात.

फोमवाला

मी वेगळं बोलतो, रागावू नका. आठवणी गोड असतात कारण प्लग पेटत नाही म्हणून अख्खी सकाळ इंजिन सुरू करायची स्प्रिंग फिरवत बसलेलो ते आपण विसरतो, बोटावर प्रोपेलर बसलेला तो विसरतो, तेलाने माखलेली गाडीची डिकी विसरतो. आता फोमचं विमान घ्या, लिपो बॅटरी लावा, दहा मिनिटांत हवेत, पडलं तर गोंद लावा आणि परत. आणि २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आल्यापासून आपल्या चॅनलवर दुसऱ्याने ट्रान्समीटर चालू केला आणि विमान गेलं, हा प्रकारच संपला. पूर्वी उडवण्याआधी मैदानभर ओरडत विचारावं लागायचं की अमुक क्रिस्टल (रिमोटचा चॅनल ठरवणारा तुकडा) कोणाकडे आहे.

एरंडेल_गँग

@फोमवाला रेडिओचा प्रश्न इथे कुठून आला, त्याच्या विमानाला तारा आहेत. तारेला सिग्नल जात नाही असं होत नाही.

पण इलेक्ट्रिकबद्दल बरोबर आहे. कंट्रोल लाईनमध्येही लोक आता मोटर लावतात, सोबत एक छोटा टायमर, ठरलेली मिनिटं चालून मोटर बंद. फ्युएल संपल्यावर विमान जसं तरंगत उतरतं तसंच उतरतं. पण या विमानाला नको. नाकावर ०४९ साठी बनवलेली भिंत आहे, तिथे मोटर म्हणजे पैठणीवर स्पोर्ट्स शूज.

काड्या_आणि_कागद

माझं मत, हे विमान उडवू नका. दुरुस्त करा आणि भिंतीला लावा. जुना डोप वर्षानुवर्षं आकसत राहतो त्यामुळे पंखाला पीळ पडलेला असणार, टेबलावर ठेवून टोकाकडून डोळा लावून बघा, कळेल. टिश्यू ठिसूळ झालाय, जुन्या सिमेंटचे (म्हणजे मॉडेलच्या गोंदाचे) सांधे आतून सुटलेले असतात, आणि नाकाजवळचा बाल्सा तेल पिऊन मऊ आणि जड झालेला असतो. हे सगळं आपण बरं करू, पण पहिल्याच वाकड्या लूपला (हवेतल्या उभ्या गिरकीला) मामाचं विमान जमिनीत आणि मग हळहळत बसायचं.

त्याऐवजी त्याचाच प्लॅन काढा. मोठा कागद पसरा, पंख आडवा ठेवून बाहेरची रेघ मारा, टिश्यू फाटलाय तिथून रिब्ज (पंखाच्या आडव्या फासळ्या) दिसत असतील त्यांचं माप घ्या, बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीपर्यंत नेणारा तरफेचा तुकडा) कुठे आहे ते नोंदवा, सीजी म्हणजे तोलबिंदू कुठे येतो ते दोन बोटांवर तोलून लिहून ठेवा. बाहेरच्या पंखाच्या टोकात वजन सापडलं तर चकित होऊ नका, ते तारांच्या वजनाला तोल म्हणून मुद्दाम घालतात. मग नवीन बाल्सा आणून तस्संच दुसरं बनवा आणि मामाचं इंजिन त्याच्यावर चढवा. ते विमान पडलं तरी चालेल, प्लॅन आहे, परत बनेल.

मुलीला ओढायचं असेल तर मधल्या काळात तिच्याबरोबर एक रबरचं विमान करा. हा तर सगळ्यांचा आजोबा आहे, पेनो नावाच्या फ्रेंच माणसाने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर छोटं विमान उडवून दाखवलं, राइट बंधूंच्या कितीतरी आधी. रबराला वंगण लावा, पेट्रोलियमवालं तेल नको, मग हुकाला लावून लांब ताणा आणि ताणलेल्या अवस्थेतच पीळ द्यायला सुरुवात करा, निम्मे पीळ झाले की हळूहळू पुढे सरकत उरलेले द्या. सैल रबराला पीळ दिला तर निम्मेसुद्धा बसत नाहीत. आणि आधी पीळ न देता नुसतं हातातून सोडून ग्लाइड जमवा. नाक वर करून डुचमळत पडत असेल तर नाकात थोडी माती लावा, सरळ खाली जात असेल तर काढा. ड्रोन स्वतःच स्वतःला सावरतो, हे सावरायला आपल्याला शिकवावं लागतं, पोरांना यात मजा येते.

सावध_राजू

एकच सांगतो. विजेच्या तारांच्या आसपास कंट्रोल लाईन अजिबात नाही. हातात धातूची तार असते, जीव जातो. आणि प्रत्येक वेळी उडवण्याआधी एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने हँडल जोरात ओढून बघायचं, बेलक्रँक किंवा तार सुटायची असेल तर तेव्हाच सुटू दे.

माळ्यावरचा_पायलट

सगळ्यांचे खूप आभार. डोळा लावून बघितलं, डावा पंख चांगलाच पिळलाय, म्हणजे काड्या_आणि_कागद यांचंच ऐकावं लागणार. ड्रायर लावला, प्रोपेलर किंचित हलला आणि तोच वास आला! मुलगी नाक धरून पळाली. प्लॅनला कागद आणतो.

पण चक्करचं काय? तेव्हा येत होती, आता तर वय पण झालं.

एरंडेल_गँग

नजर विमानावरून हलवायची नाही. मागची झाडं, माणसं बघितली की डोकं फिरतं, विमानच बघत राहिलात तर ते डोळ्यांपुढे स्थिर आणि मागचं जग नुसतं धूसर. पाय छोटे छोटे टाकत फिरा. मनगट न हलवता खांद्यापासून अख्खा हात वर-खाली करा, नाहीतर सुरुवातीला विमान पाण्यातल्या डॉल्फिनगत वर-खाली डुबक्या मारतं. आणि सोडताना विमान वारा जातो त्या बाजूला ठेवा, म्हणजे वारा त्याला तुमच्यापासून लांब ढकलतो आणि तारा ताणलेल्या राहतात.

टाकी छोटी असते, सुरुवातीला अर्धीच भरा. चक्कर यायच्या आत फ्युएल संपतं.

फोमवाला

बरं बाबा, हरलो. प्लॅन स्कॅन झाला की इकडे टाका, मीपण एक कापतो. मोटर लावणार मात्र.